पादांशाची चाल



आपल्या मालेचे नाव वसंताचे असले तरी दिवस उन्हाळ्याचे आहेत. दिवसभर तापलेल्या फरशा संध्याकाळी जरा निवल्या, गोदावरीवरून वाऱ्याची झुळूक येऊ लागली, की या पटांगणावर माणसे जमू लागतात. चरकाने वसंत ऋतूत व्यायाम करावा असे सांगितले आहे आणि ग्रीष्मात तो टाळावा असेही सांगितले आहे. तेव्हा व्यायामाच्या इतिहासावर बोलण्याचा मुहूर्त आम्ही नेमका चुकविला, हे प्रथम कबूल करतो. परंतु ऐकण्याला ऋतूची आडकाठी नाही. आणि आजचा विषय असा आहे की तो ऐकून कोणी उद्या पहाटे एकदम शंभर जोर काढावयास लागला, तर व्याख्यान फुकट गेले असे आम्ही समजू.

असे म्हणण्याचे कारण आमच्या घरातलेच आहे. वयाच्या बावन्नाव्या वर्षी आमच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी चालावयास सांगितले. आम्ही पडलो इतिहासाचे वाचक. चालण्यासारख्या सामान्य गोष्टीने आमचे समाधान कसे व्हावे? समर्थ रामदासांनी आपल्या टाकळीला रोज बाराशे सूर्यनमस्कार घातले हे लहानपणापासून ऐकलेले. त्याचा बारावा हिस्सा तरी आपल्याला जमावा, असा हिशेब करून दुसऱ्याच दिवशी शंभराचा संकल्प सोडला. पहिल्या दिवशी साठ झाले. दुसऱ्या दिवशी चाळीस. तिसऱ्या दिवशी कंबर धरली, ती अशी की आठ दिवस अंथरुणातून उठता येईना, आणि पुढे दोन वर्षे घरात नमस्कारांचे नाव काढले नाही. दोष नमस्कारांचा नव्हता, समर्थांचा तर नव्हताच. आमच्या वाचनाचा होता. इतिहासातून आम्ही आकडा तेवढा उचलला होता.

आपल्या व्यायामाच्या इतिहासात पराक्रमाचे आकडे पुष्कळ आहेत आणि ते सर्वांना पाठ आहेत. परंतु त्या आकड्यांपर्यंत माणसे कशी पोहोचली, रोज किती वाढवीत गेली, कोठे थांबली, हा भाग सांगावयाचा राहून जातो. वस्तुतः शिकण्यासारखा भाग तोच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्याने झालेली एक मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात देशातील मधुमेही माणसांची संख्या १० कोटींहून अधिक निघाली. या सर्वांना वैद्य-डॉक्टर एकच गोष्ट सांगतात, हालचाल वाढवा. आणि आमचा अंदाज असा की त्यांतील निम्मे लोक तरी आमच्याच मार्गाने जाऊन कंबर धरून बसतात. नववर्षाच्या पहिल्या आठवड्यात जिममध्ये उभे राहावयास जागा नसते आणि शिवरात्रीपर्यंत तेथील यंत्रे मोकळी होतात, हे आपण सर्व पाहतोच.

प्रथम टाकळीकडे वळू. नंदिनी आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ समर्थ १६२० च्या सुमारास आले आणि बारा वर्षे राहिले, असे परंपरा सांगते. त्या नंदिनीला आज आपण नासर्डी म्हणतो आणि तिच्या पाण्यात उभे राहण्याचे धाडस आता कोणी करणार नाही, ते असो. त्यांचा जन्म १६०८ चा, म्हणजे येथे आले तेव्हा वय अवघे बारा. रोजच्या बाराशे नमस्कारांची गोष्ट परंपरेची आहे, आणि त्या काळच्या नमस्काराचे रूप आजच्या शाळेतल्या नमस्कारासारखेच होते असे धरण्याचे कारण नाही. तरीही ती खरी मानून हिशेब करून पाहू. मिनिटाला दहा या गतीने बाराशे नमस्कारांना दोन तास लागतात. ज्याने दिवस साधनेलाच वाहिला आहे त्याला दोन तास अशक्य नाहीत. आता दुसरा हिशेब. बारा वर्षांचे आठवडे होतात सहाशे चोवीस. एखाद्या मुलाने एका नमस्काराने आरंभ केला आणि आठवड्याला फक्त दोन वाढवीत गेला, तरी बारावे वर्ष संपण्याच्या आत त्याने बाराशेचा आकडा ओलांडलेला असतो. समर्थांनी असेच केले असा आमचा मुळीच दावा नाही. कीर्तनकार ‘बाराशे’ म्हणतात तेव्हा श्रोत्यांच्या अंगावर रोमांच उभे राहतात. ‘आठवड्याला दोन’ म्हटल्यावर कोणाच्या अंगावर रोमांच येणार? म्हणून तो हिशेब कोणी मांडत नाही, एवढेच आमचे म्हणणे.

जुन्या तालमीतल्या वस्तादांना मात्र हा हिशेब पक्का ठाऊक असे. आमच्या लहानपणी गल्लीच्या तोंडाशी एक तालीम होती. आत हौदा, तांबडी माती, कोनाड्यात शेंदराचा मारुती, भिंतीला टेकलेल्या करेलांच्या जोड्या. मातीत तेल, ताक, हळद कालविल्याचा जो एक वास असे, तो अजूनही नाकात आहे. नवे पोर आले की वस्ताद त्याला पंधरा दिवस हौद्यात उतरू देत नसत. माती उकरणे, पाणी मारणे आणि पाच बैठका, एवढेच काम. पोरे चिडत. मोठी मुले शेकड्याने बैठका काढीत असताना आपण पाचावर थांबावयाचे, ही शिक्षाच वाटे. एखाद्याने चोरून वीस काढल्या तर दुसऱ्या दिवशी त्याच्या चालण्यावरूनच वस्ताद ओळखीत आणि त्याला पुन्हा पाचावर आणीत. भिंतीवर प्रत्येकाच्या नावाखाली खडूच्या रेघा असत. रेघ पुसण्याचा आणि वाढविण्याचा अधिकार वस्तादांचा. त्यांना चरक ठाऊक असण्याचा संभव नव्हता, तरी त्यांची रीत मात्र चरकाचीच होती.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातवा अध्याय आहे. मलमूत्र, शिंक, जांभई, झोप यांचे वेग अडवू नयेत हा त्याचा मुख्य विषय. त्याच अध्यायात व्यायामाचे विवेचन येते. शरीराला हलकेपणा, काम करण्याची ताकद, स्थैर्य आणि कष्ट सोसण्याची शक्ती ही व्यायामाची फळे सांगून झाल्यावर आचार्य लगेच दुसरी बाजू सांगतात. व्यायाम अति झाला तर थकवा, क्षय, तहान, खोकला, ताप, वांती. पुढे एक दृष्टान्त येतो: व्यायाम, हसणे, बोलणे, चालणे, जागरण इत्यादी गोष्टी सवयीच्या असल्या तरी जो मर्यादेबाहेर करतो, तो हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा एकाएकी नाश पावतो. या यादीत बोलण्याचा समावेश आहे हे व्याख्यात्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे आणि आम्ही ते ठेवले आहे.

परंतु या अध्यायातील खरे रत्न याच्या पुढे आहे. अंगवळणी पडलेली वाईट सवय कशी सोडावी आणि चांगली कशी लावून घ्यावी, याची तेथे सांगितलेली पद्धत पादांशिक क्रम या नावाने ओळखली जाते. पाद म्हणजे चौथा हिस्सा. वाईट सवयीचा चौथा हिस्सा सोडावा आणि त्या जागी चांगल्याचा चौथा हिस्सा घ्यावा. तो एक दिवस अंगी मुरू द्यावा. मग दुसरा हिस्सा, आणि त्यानंतर दोन दिवसांचे अंतर. मग तिसरा, त्यानंतर तीन दिवस. दिवसांची मोजणी नेमकी कशी धरावयाची यावर टीकाकारांचे एकमत नाही, पण अंतर वाढत जावे ही गोष्ट स्पष्ट आहे. आणि असे का करावयाचे, याचेही कारण आचार्य देतात. क्रमाने कमी केलेले दोष पुन्हा उद्भवत नाहीत आणि क्रमाने मिळविलेले गुण ढळत नाहीत. चांगली गोष्टसुद्धा एकदम घेतली तर शरीर तिला परकी समजते, हा विचार आम्हांला फार मोलाचा वाटतो. आपण समजतो की वाईट तेवढे झटकन टाकावे आणि चांगले तेवढे झटकन धरावे. चरक चांगल्यालाही दारात थोडा वेळ थांबवितो.

व्यायाम किती करावा, या प्रश्नालाही आपल्या वैद्यकात सरळ उत्तर आहे: अर्ध्या शक्तीने. सुश्रुताने आणि वाग्भटाने ते दिले आहे. अर्धी शक्ती ओळखावयाची कशी? कपाळावर, नाकावर, काखेत घाम फुटला, तोंडाला कोरड पडू लागली आणि श्वास तोंडाने घ्यावासा वाटू लागला, की थांबावे. यात आकडा कोठेच नाही. घाम ज्याचा त्याने पाहावयाचा. दहा वर्षांचा मुलगा, बाळंतपणातून उठलेली बाई आणि सत्तरीचा म्हातारा या तिघांना एकच नियम लागू पडतो आणि तिघांचे माप निराळे निघते.

मध्ययुगात चालुक्य राजा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मल्लांच्या तयारीचे वर्णन आहे. भार उचलणे, चालणे, पोहणे, खांबावरचे श्रम असे प्रकार तेथे आले आहेत. कुस्तीगिराच्या तयारीत चालण्याला जागा होती, ही गोष्ट चालण्याला हलके लेखणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. खांबाचा उल्लेख पुढच्या कथेशी जोडलेला आहे, म्हणून तिकडे वळतो. ती कथा आपल्या जिल्ह्यातली आहे.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळी पुण्यात अली आणि गुलाब नावाचे दोन पठाण मल्ल आले आणि त्यांनी दरबारात आव्हान दिले. कोणी पुढे होईना. तेव्हा बाळंभट देवधर या कोवळ्या तरुणाने ते स्वीकारले, थोडी मुदत मागून घेतली आणि तो वणीच्या सप्तशृंगगडावर गेला. तेथे देवीची आराधना केली. मारुतीने वानररूपाने झाडावरच्या कसरती दाखविल्या. परत येऊन त्याने अलीला चीत केले आणि गुलाबने लढत सोडून दिली. हेच मल्लखांबविद्येचे आद्यगुरू बाळंभटदादा देवधर. खांबावरचे श्रम त्यांच्याही पूर्वी सहाशे वर्षे ठाऊक होते हे आताच सांगितले. तेव्हा त्यांनी विद्या नव्याने उभी केली, असे म्हणणे अधिक योग्य होईल. १८१८ नंतर बाजीरावाबरोबर ते ब्रह्मावर्ताला गेले आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने ही विद्या काशीपर्यंत पोहोचविली.

ही कथा आम्ही लहानपणी ऐकली तेव्हा आमच्या मनात एकच गोष्ट राहिली: गडावर गेला आणि पहिलवान होऊन आला. आज तिच्याकडे पाहताना वाटते की गडावर जाणाऱ्या तरुणाची आधीची वर्षे कथेने गिळून टाकली आहेत. ज्याने कधी लंगोट कसला नाही असा मुलगा पेशव्यांच्या दरबारात पठाणाचे आव्हान स्वीकारील काय? आणि पेशवे तरी ते मान्य करतील काय? घरी, तालमीत, नदीवर कित्येक वर्षांची मेहनत झालेली असणार. गडावरचे दिवस तिच्यावरचा शेवटचा हात. शिवाय मल्लखांब ही विद्याच अशी आहे की तिच्यात उडी मारून वरच्या पायरीवर जाता येत नाही. एरंडेल लावलेला गुळगुळीत खांब. प्रथम सलामी, मग साधी अढी. मांड्यांची पकड बसेपर्यंत मूल घसरतच राहते. अढी बसल्याखेरीज दसरंग नाही, दसरंग आल्याखेरीज फिरकी नाही. खांबाला कोणाचा वशिला चालत नाही. आपल्या गावात यशवंत व्यायामशाळेने ही विद्या टिकविली. कोणाला वेळ झाला तर एखाद्या संध्याकाळी लहान मुलांचा वर्ग अवश्य पाहावा. तेथे कोसळणाऱ्या मुलाला कोणी हसत नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्यायामाला निराळाच रंग आला. १९०० च्या आगेमागे आपल्या गावात मित्रमेळा उभा राहिला. तरुणांनी शरीर कमवावे ते देशासाठी, ही भावना साऱ्या महाराष्ट्रात होती. अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखविले. बडोद्याला जुम्मादादांचे शिष्य प्रो. माणिकराव यांनी सांघिक व्यायामाची शिस्त लावली आणि त्याच शहरातून व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड निघाले. नाशिकला डॉ. मुंजे यांच्या प्रयत्नाने १९३७ साली भोसला सैनिकी शाळा सुरू झाली. गुलालवाडी व्यायामशाळेचे लेझीमपथक गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत आले की आजही रस्ता थांबतो. या सर्व कार्याबद्दल आम्हांला आदर आहे. तरीही एक गोष्ट बोलावीशी वाटते. व्यायाम लढण्यासाठी आहे असे एकदा ठरले की जो लढणार नाही त्याला त्यात जागा उरत नाही. कचेरीतला पन्नाशीचा कारकून, पेढीवर बसणारा व्यापारी, स्वयंपाकघरातली गृहिणी यांच्यासाठी तालमीचे दार जणू नव्हतेच. स्वातंत्र्य आल्यावर लढण्याचे निमित्त संपले आणि पुष्कळ तालमींतली माती सुकली. बसून राहणारी माणसे मात्र वाढत गेली.

या माणसांचा विचार त्या काळी ज्यांनी केला त्यांत औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे नाव पुढे घ्यावे लागेल. जन्म १८६८, गादीवर आले १९०९ साली. तरुणपणी त्यांनी सँडो या जगप्रसिद्ध शरीरपटूची साधने मागवून त्याच्या पद्धतीने बरीच वर्षे मेहनत केली होती. नंतर मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मरेपर्यंत त्यांना सोडले नाही. त्यांनी आपल्या लहानशा संस्थानातील शाळांत मुलांना आणि मुलींनाही नमस्कार लावले, त्यावर पुस्तके लिहिली, चित्रे काढविली. १९३८ साली लंडनला लुईझ मॉर्गन या लेखिकेने त्यांचे इंग्रजी पुस्तक संपादून काढले; त्याच्या नावातच दहा अंकांच्या आरोग्यमार्गाचा उल्लेख होता. त्यांचे विशेष हे की नमस्काराला साधन लागत नाही, जागा साडेतीन हात पुरते आणि वयाची अट नाही, हे त्यांनी गृहस्थाला पटवून दिले. कोणत्या वयात किती, आणि ते हळूहळू कसे वाढवावेत, याचा विचार त्यांच्या लेखनात आहे. शाळांतून केलेली सक्ती मात्र आम्हांला रुचत नाही. राजाच्या हुकुमाने पाठ वाकते, पण सवय लागावयाची तर ती ज्याची त्याने लावून घ्यावी लागते. भवानराव स्वतः नमस्कार घालीत होते ते कोणाच्या हुकुमाने?

माणिकरावांचेच एक शिष्य जगन्नाथ गणेश गुणे. हे पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्ध झाले. त्यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापिले आणि आसन-प्राणायामांचा शरीरावर काय परिणाम होतो हे क्ष-किरणांनी, रक्तदाबाच्या मोजणीने तपासावयास आरंभ केला. गुरूने सांगितले म्हणून मानावयाचे, या जागी मोजून पाहावयाचे, हा फरक लहान नाही.

तशा मोजणीची दोनतीन उदाहरणे परदेशातली सांगतो, कारण ती आपल्या विषयाला फार जवळची आहेत. १९५३ साली डॉ. मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढउतार करून तिकिटे देणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो असे त्यांना आढळले. कंडक्टर दिवसाला पाचसहाशे पायऱ्या चढत. पण संशोधक प्रामाणिक असला म्हणजे स्वतःच्याच निष्कर्षाची उलटतपासणी करतो. मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे नोकरांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर नोकरीच्या आरंभापासूनच मोठा होता असे निघाले. म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येईना. तरी त्यानंतर झालेल्या अनेक अभ्यासांनी मूळ दिशा बरोबरच ठरविली.

दुसरे उदाहरण दहा हजार पावलांचे. हा आकडा आता घरोघरी झाला आहे. मनगटावरच्या घड्याळात तो पुरा झाला नाही तर लोक रात्री अकरा वाजता दिवाणखान्यात येरझारा घालतात. तो आला कोठून? १९६५ साली जपानात पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीला आले. त्याच्या नावाचा अर्थच दहा हजार पावलांचे मापक असा होता. म्हणजे हा आकडा दुकानातून निघालेला. पुढे २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांपेक्षा सुमारे ४४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले, आणि ७५०० च्या पुढे फायदा वाढेनासा झाला. अशा पाहणीवरून कार्यकारण एकदम सिद्ध होत नाही, ज्या मुळात निरोगी त्याच जास्त चालत असतील, हे खरे. तरी पहिल्या दीडदोन हजार पावलांनाच एवढा अर्थ असावा, ही दहा हजारांच्या धाकाने घरी बसलेल्यांना दिलासा देणारी गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमाचे माप सांगितले, त्याबरोबरच काही न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे आणि थोड्याने आरंभ करून हळूहळू वाढवावे, असेही सांगितले आहे. चरकाचा मुद्दा जिनिव्हाहून फिरून आला, असे म्हणावयास हरकत नाही.

सवय अंगवळणी पडावयास किती दिवस लागतात? लंडनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९६ माणसांनी रोजची एक लहान गोष्ट स्वतः निवडली होती. मध्यम माप निघाले ६६ दिवसांचे; परंतु माणसामाणसांत फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. शेजाऱ्याची सवय तीन आठवड्यांत लागली म्हणून आपण खिन्न होण्याचे कारण नाही. एखादा दिवस चुकला तरी फारसे बिघडत नाही, असेही त्यात आढळले होते.

येथपर्यंत आम्ही बसणाऱ्यांविषयी बोललो. परंतु आपल्याच जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांत पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि आता या दिवसांत बाया डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठी डोंगर उतरतात आणि चढतात. त्यांना चालण्याचे महत्त्व सांगावयास जाणे ही क्रूर थट्टा होईल. श्रम आणि व्यायाम यांत फरक आहे. व्यायाम अर्ध्या शक्तीवर थांबविता येतो. पाण्याची खेप अर्ध्यावर टाकून येता येत नाही. पूर्वीच्या बायकांना दळण-कांडणाने आपोआप व्यायाम होई असे पुरुष मोठ्या कौतुकाने सांगतात, तेव्हा ते कांडण त्यांनी स्वतः एक महिनाभर करून पाहावे असे आम्हांला सुचवावेसे वाटते.

याच डोंगराळ भागातील सावरपाड्याची कविता राऊत. डोंगरवाटा तुडवीत मोठी झालेली ही मुलगी नाशिकला प्रशिक्षक विजेंद्रसिंग यांच्या हाताखाली धावू लागली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिला दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळाले, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये ती मॅरेथॉन धावली. त्याच रिओत चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ नौका वल्हवीत होता. घरी विहिरींच्या खोदाईचे काम. सैन्यात भरती झाल्यावर २०१२ साली त्याने प्रथम वल्हे हातात धरले आणि चार वर्षांत ऑलिंपिकला तेरावा आला. वर्तमानपत्रांनी लिहिले, चार वर्षांत! बाळंभटदादांच्या गडासारखेच हे. विहिरीतला दगड फोडण्याची वर्षे त्या चारांत कोणी धरली नाहीत. आपल्या गावातले महाजन बंधू, दोघेही डॉक्टर, २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४८०० किलोमीटरांची सायकल शर्यत जोडीने पुरी करून आले. तेव्हापासून पहाटेच्या रस्त्यांवर सायकली दिसू लागल्या हे उत्तमच झाले. फक्त पहिल्याच रविवारी सायकल काढून त्र्यंबकेश्वर गाठावयास निघणाऱ्यांनी परतीच्या वाटेचाही विचार करावा.

त्र्यंबकेश्वराचे नाव निघाले म्हणून दोन यात्रांची तुलना करतो. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते. लहान फेरी सुमारे वीस किलोमीटरांची. वर्षभर कोपऱ्यावरच्या दुकानालाही दुचाकीवरून जाणारे लोक त्या रात्री भक्तीच्या भरात निघतात आणि मंगळवारी गावातल्या निम्म्या कचेऱ्या लंगडतात. उलट निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून पंढरपूरला निघते. अंतर चारशे किलोमीटरांहून अधिक, पण ते तीनचार आठवड्यांत वाटलेले. पहिले मुक्काम नाशिकच्या आसपासच पडतात. सत्तरीची माणसे त्यात चालतात, कारण दिंडी कोणाच्या हौसेच्या गतीने चालत नाही, मुक्कामाच्या गतीने चालते. नव्या वारकऱ्याला पाय सुजले तर सामानाच्या गाडीवर बसविण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

आमच्या कंबरेची कथा अर्धी राहिली होती. दोन वर्षांनी साखर आणखी वाढली तेव्हा आम्ही चरकाचा तो अध्याय पुन्हा काढला. चहात चार चमचे साखर असे. ती तीन केली, आणि जीभ कुरकुर करावयाची थांबल्यावर दोन. गोल्फ क्लबच्या मैदानावर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, पहिल्या आठवड्यात एकच फेरी घातली आणि तीही बाकावर एकदा बसून. आमच्यामागून निघालेली तरुण मंडळी चार वेळा पुढे जात. दुसरी फेरी वाढविली ती दहा दिवसांनी. नमस्कार पुन्हा सुरू केले ते तीनांवर. ते आज बारा आहेत आणि त्यापुढे जाण्याची घाई नाही. साखर पूर्ण गेली असे खोटे सांगणार नाही. गोळी एकच उरली आहे.

शेवटी पुन्हा वणीला जाऊ. सप्तशृंगगडावर गावापासून देवीपर्यंत सुमारे पाचशे पायऱ्या आहेत, म्हणजे लंडनच्या त्या कंडक्टराच्या एका दिवसाच्या. २०१८ पासून तेथे रुळांवरून चढणारी ट्रॉली झाली आहे. काही लोक तिला नावे ठेवतात. आम्ही ठेवीत नाही, कारण तिच्यामुळे आमच्या पंच्याऐंशी वर्षांच्या मावशींना पुष्कळ वर्षांनी देवीचे दर्शन झाले. आम्ही पहिल्या वर्षी मावशींबरोबर ट्रॉलीने वर गेलो आणि पायऱ्यांनी उतरलो. पुढच्या चैत्रात पायऱ्यांनीच निघालो, पण पाव वाट झाल्यावर कपाळावर घाम आला, तेव्हा तेथेच एका पायरीवर बसलो. खानदेशातून दहा दिवस चालत आलेली माणसे आमच्या अंगावरून वर जात होती. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने आपल्या पिशवीतला गुळाचा खडा आमच्या हातावर ठेवला आणि तोही शेजारी टेकला. श्वास खाली बसल्यावर आम्ही दोघेही उठलो आणि पुढच्या पायरीला लागलो.